चालणं सोपं, उभं राहणं अवघड: कडाक्याच्या थंडीतल्या संध्याकाळच्या ऐतिहासिक फेरीबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत परक्या शहरात जाताय, संध्याकाळी साडेपाचची दोन तासांची गाईडबरोबरची ऐतिहासिक पायी फेरी ठरवून ठेवली आहे, तापमान शून्याच्या आसपास असणार, बरोबर ६८ वर्षांच्या आई आहेत आणि अशा थंडीची सवय दोघांनाही नाही. जावं की रद्द करावं? आणि जाऊन अंधारात दिसणार तरी काय?

गेली चौदा वर्षं मी अशा फेऱ्या नेते आहे, हिवाळ्यातल्या जास्तच, कारण उन्हाळ्यात गाईडांची कमतरता नसते. माझं उत्तर ‘जा’ असंच आहे. पण शहराचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, आईंच्या तब्येतीबद्दलही काही नाही, आणि ‘शून्याच्या आसपास’ या शब्दांत बरंच काही दडलेलं असतं. कोरडी हवा, वारा नाही आणि तापमान उणे तीन, हे मला भुरभुरत्या पावसातल्या अधिक दोनपेक्षा कधीही चालेल. तेव्हा माझ्या उत्तरातलं नेमकं काय तुम्हाला लागू पडतं ते तुम्हीच ताडून पाहा.

आधी एक गैरसमज. हिला पायी फेरी म्हणतात, पण ती खरं तर उभं राहायची फेरी असते. माझी दोन तासांची फेरी दोन किलोमीटरसुद्धा भरत नाही. तासाला चालणं जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, उरलेला वेळ लोक एखाद्या दारासमोर, चौकात किंवा भिंतीपाशी उभे राहून ऐकत असतात. लोक मात्र तयारी करून येतात ती चालायची. हलके बूट, अंगाला घट्ट जाकीट, आणि ‘चाललं की ऊब येईलच’ हा भरवसा. ती ऊब येत नाही. सर्वसाधारण मोठा माणूस निवांत उभा असताना त्याचं शरीर साधारण १२५ वॅट उष्णता तयार करतं. ताशी तीन किलोमीटरच्या रमतगमत चालीत हा आकडा दोनशेच्या आसपास जातो, आणि झपझप चाललात तर तीनशेच्या वर. म्हणजे स्टेशनवरून भरभर चालत आलात तेव्हा अंगावरचे कपडे पुरेसे वाटतात आणि दुसऱ्या थांब्यावर तेच कपडे अपुरे पडतात. कपडे तेच असतात, फक्त आतली शेगडी मंदावलेली असते.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. सुरुवातीच्या वर्षांत माझा एक लाडका थांबा होता, एका जुन्या वेशीखालचा. तिथे सांगण्यासारखं खूप होतं आणि मी सगळं सांगायचे. एका संध्याकाळी लोक माझ्याकडे न बघता स्वतःच्या पायांकडे बघताहेत, हे लक्षात आलं. बुटांची टोकं दगडावर आपटल्याचा आवाज येत होता, टक, टक, टक. पुढच्या फेरीला घड्याळ लावलं तर त्या एका थांब्यावर मी चौदा मिनिटं बोलत होते. आणि वेस म्हणजे वाऱ्याची नळी! भिंती वारा अडवतात आणि तो सगळा त्या एका भोकातून वाहतो. आता हिवाळ्यात माझा कुठलाही थांबा सहा-सात मिनिटांच्या पुढे जात नाही, आणि वेशीची गोष्ट मी वेशीपासून वीस पावलं पुढे, भिंतीच्या आडोशाला सांगते. वेस तिथूनही दिसते.

म्हणून तयारी उभं राहायची करा, आणि ती पायांपासून सुरू करा. थंडीत शरीर आतले अवयव उबदार राखण्यासाठी हातापायांकडचं रक्त आखडतं घेतं, त्यामुळे सगळ्यात आधी बोटं गारठतात. त्यात पाय थेट थंडगार दगडावर टेकलेले असतात आणि तळव्यांतली ऊब जमिनीत मुरत राहते. जाड तळव्याचे बूट हवेत. पातळ तळव्याचे पळायचे बूट इथे कुचकामी. दोन-दोन मोजे घालून बूट घट्ट करू नका, ही हमखास होणारी चूक आहे. बोटं आवळली गेली की रक्त आणखी कमी पोहोचतं, आणि ऊब धरून ठेवणारी हवाही चेपली जाते. एकच जाडसर लोकरीचा मोजा आणि बुटात बोटं हलवायला मोकळी जागा, हे त्याहून चांगलं. लोकरीचा किंवा नमद्याचा जादा सुखतळा मिळाला तर आत घाला, पण तो घातल्यावरही बोटं हलली पाहिजेत.

आईंसाठी माझी एक जुनी युक्ती: जाड पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा पिशवीत ठेवा. थांबा लांबला की तो खाली टाकून त्यावर उभं राहायचं. लोक आधी हसतात, मग विचारतात, ‘आणखी आहे का?’ पुठ्ठा नसेल तर जवळपास लाकडी पायरी, लाकडी उंबरा, माती किंवा गवत शोधा. दगड आणि लोखंडी जाळी टाळा. ऐकता ऐकता टाचा उचलायच्या, टेकायच्या, पुन्हा उचलायच्या. पोटऱ्या हलल्या की रक्त फिरतं, आणि मागे उभं राहून केलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

वरच्या कपड्यांबद्दल सगळे सांगतातच, तेव्हा मी दोनच गोष्टी सांगते. अंगाला लागून सुती बनियन नको. सूत घाम धरून ठेवतं, आणि पाणी हवेपेक्षा जवळजवळ पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल घाला. आणि ठरलेल्या जागी पोचायला दहा मिनिटं जास्तीची ठेवा. उशीर झाला म्हणून सगळे थर अंगावर चढवून धावत येणारे लोक पहिल्या थांब्यावर घामाघूम असतात आणि तिसऱ्या थांब्यावर कुडकुडतात. येताना जाकिटाची चेन उघडी ठेवा आणि थांबलात की लगेच लावा, कुडकुडायला लागल्यावर नव्हे.

कानटोपीबद्दल आपल्याकडे आणि जगभरच एक समज आहे, की अंगातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते. ते खरं नाही. डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा आहे आणि उष्णताही त्याच सुमारास जाते. पण चेहरा आणि कान थंडीला फार हळवे असतात आणि कान झाकले नाहीत तर लक्ष गोष्टीत राहत नाही, म्हणून टोपी हवीच. फक्त टोपी आहे म्हणून पायांकडे दुर्लक्ष नको. हातमोजे पाच बोटांच्या ऐवजी मुठीचे असतील तर बोटं एकमेकांना ऊब देतात.

आता वारा. हवामानाचा अंदाज बघताना लोक फक्त तापमान बघतात. शून्य अंश आणि ताशी वीस किलोमीटर वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला ते सुमारे उणे पाचसारखं लागतं. ही ‘जाणवणारी थंडी’ मोजायची कल्पना मूळची अंटार्क्टिकातली. तिथे सिपल आणि पॅसल या दोन अमेरिकी संशोधकांनी प्लास्टिकच्या नळकांड्यातलं पाणी वाऱ्यात किती वेळात गोठतं ते मोजलं आणि १९४५ साली ते प्रसिद्ध केलं. आज अमेरिका-कॅनडात वापरतात ते सूत्र २००१मधलं, माणसांच्या चेहऱ्यांवर चाचण्या घेऊन सुधारलेलं. ते उघड्या त्वचेबद्दल बोलतं, कपड्यांखालच्या अंगाबद्दल नाही. म्हणून आकडा बघून घाबरू नका, मफलर नाकापर्यंत ओढा. माझ्यापुरता हिशेब असा की वारा ताशी तीसच्या वर असेल आणि फेरीचा निम्मा भाग नदीकाठी किंवा तटबंदीवर असेल, तर मी स्वतःच मार्ग बदलते किंवा फेरी पुढे ढकलते. तुमच्या गाईडला आदल्या दिवशी एवढंच विचारा: ‘वारा असेल तर तुम्ही मार्ग बदलता का?’ ‘बघू’ हे उत्तर चांगलं नाही. ‘हो, पुलावरचा थांबा गाळतो आणि तो भाग चर्चच्या मागे सांगतो’, असं काही ऐकू आलं तर त्या माणसाने हिवाळा काढलेला आहे असं समजा.

आईंबद्दल जरा स्पष्टच बोलते. ६८ हे वय फेरीसाठी अजिबात जास्त नाही. माझ्या हिवाळी गटांत साठीच्या पुढचेच लोक जास्त असतात आणि तेच सर्वांत चांगले प्रश्न विचारतात. पण हृदयविकार, दमा, वाढलेला रक्तदाब, किंवा थंडीत बोटं पांढरी पडून बधिर होण्याचा त्रास यांतलं काही असेल तर जायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचाराच. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. थंड कोरडी हवा दम्याचा झटका आणू शकते. दम्याचा पंप असेल तर तो हॉटेलवर न ठेवता आतल्या खिशात ठेवा.

या सगळ्याहून मला खरी भीती वाटते ती घसरण्याची. दिवसा तापमान शून्याच्या वर जातं, बर्फ वितळतो, ते पाणी फरसबंदीच्या फटींत साचतं आणि सूर्य मावळला की पुन्हा गोठतं. हा पातळ बर्फ पारदर्शक असतो, त्याखालचा दगड जसाच्या तसा दिसतो. दिव्याच्या उजेडात तो फक्त ओला रस्ता वाटतो. शून्याच्या आसपासचा बर्फ कडक थंडीतल्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, हेही लक्षात ठेवा. शेकडो वर्षं पायांखाली घासून गुळगुळीत झालेल्या दगडी पायऱ्या तर बर्फ नसतानाही दगा देतात. आईंना तुमचा हात धरू द्या, पण त्यांचा हात तुम्ही धरू नका. फरक हा की तोल जाईल असं वाटलं तर सोडायचं की घट्ट धरायचं ते त्यांच्या हातात राहतं. छोटी पावलं, पाऊल सपाट टाकायचं, हात खिशात नाहीत. बुटाला खालून चढवायचे रबरी काटेरी पट्टे मिळतात, ते पिशवीत असू द्या. आणि गटात सगळ्यांत पुढे चाला, गाईडच्या लगेच मागे. मागचा माणूस थांब्यावर सगळ्यांत शेवटी पोचतो, त्याला घाई करावी लागते, आणि घाईतच पाय घसरतो.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: थंडीत लघवीला जास्त होते. आखडलेल्या रक्तवाहिन्यांमुळे शरीराला अंगात पाणी जास्त झाल्यासारखं वाटतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकू लागतात. फेरीच्या लगेच आधी जाऊन या आणि वाटेत सोय कुठे आहे ते सुरुवातीलाच विचारून ठेवा. ‘विचारायला संकोच वाटतो’ म्हणून दोन तास पाणीही न पिणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने काही साधत नाही. उलट थर्मासमध्ये गरम पाणी न्या. दारूने ऊब येते हाही भ्रम. कातडीकडचं रक्त वाढतं म्हणून गरम वाटतं, प्रत्यक्षात उष्णता बाहेर जाते.

मला धडा देऊन गेलेला प्रसंग सांगते. एका फेरीत एक वयस्कर गृहस्थ होते, पहिला तासभर सारखे प्रश्न विचारणारे. पुढे ते गप्प झाले. मला वाटलं, रंगले असतील. एका वळणावर त्यांनी हातमोजा खाली पाडला आणि तो उचलताना त्यांना बोटांची पकडच जमेना. मी काहीतरी विचारलं तर उत्तर पुटपुटत आलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्यांना समोरच्या उबदार इमारतीत बसवलं, कोरडं पांघरूण दिलं, अर्ध्या तासात माणूस पुन्हा बोलायला लागला. दोष माझा होता. पाऊस पडून गेला होता, त्यांचा कोट भिजलेला होता आणि मी फक्त गोष्ट सांगत होते. कुडकुडणं हे घाबरायचं लक्षण नाही, शरीर काम करतंय एवढाच त्याचा अर्थ. कुडकुडणारा माणूस गप्प, चिडका, धांदरट झाला, अडखळायला लागला, की फेरी तिथे संपली. आईंच्या बाबतीत ही नजर तुम्हीच ठेवा. गाईडसमोर वीस माणसं असतात.

तब्येतीचं एवढं पुरे. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, माझ्या आवडीच्या. अंधारात काय दिसणार?

आधी वेळेचं बघू. पन्नास अक्षांशाच्या आसपासच्या शहरांत डिसेंबरात सूर्य चारच्या सुमारास मावळतो. सगळ्यांत लवकरचा सूर्यास्त मात्र सगळ्यांत लहान दिवशी, म्हणजे २१-२२ डिसेंबरला नसतो, त्याच्या आधी दहा-एक दिवस असतो. जानेवारीच्या मध्यापर्यंत तो पंचवीस-तीस मिनिटांनी पुढे सरकलेला असतो. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा संधिप्रकाश तिथे पस्तीस-चाळीस मिनिटं टिकतो. म्हणजे साडेपाचला तुम्ही पूर्ण अंधारात सुरू कराल. त्याच फेरीची चारची वेळ उपलब्ध असेल तर मी ती घेईन. पहिले दोन-तीन थांबे उजेडात होतात, मग आकाश गडद निळं असताना दिवे लागतात, आणि मनोऱ्यांची बाह्यरेषा त्या अर्ध्या तासात जशी दिसते तशी दिवसा नाही आणि रात्रीही नाही. निसरड्या पायऱ्याही उजेडात पार होतात. चारची वेळ नसेल तरी हरकत नाही. अंधाराचे स्वतःचे फायदे आहेत.

पहिला म्हणजे तिरपा उजेड. दिवसा सूर्य वर असला की दगडी भिंत सपाट दिसते. रात्री टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून, कडेने उजेड टाका. छिन्नीचे घाव, पाथरवटांच्या खुणा, बुजवलेल्या खिडकीची चौकट, झिजलेल्या शिलालेखाची अक्षरं, सगळं सावल्यांसकट उठून येतं. पुराणवस्तू संशोधक हीच पद्धत वापरतात. ज्या शिलालेखापुढे दिवसा लोक ‘वाचता येत नाही’ म्हणून पुढे जातात, त्यावर मी रात्री तिरपी टॉर्च धरते आणि लहान मुलंसुद्धा आकडे वाचून दाखवतात. मला विचाराल तर संध्याकाळची फेरी घ्यायला एवढं एकच कारण पुरे आहे.

दुसरा, उजळलेल्या खिडक्या. दिवसा खिडकी म्हणजे काळा चौकोन. रात्री आत दिवा लागला की रस्त्यावरून छत दिसतं, तुळया दिसतात, कधी रंगवलेली नक्षी दिसते. कुठल्या मजल्याचं छत उंच आणि कुठल्याचं बुटकं, यावरून मालक कुठे राहायचा आणि नोकर कुठे, ते समजतं. कुणाच्या घरात टक लावून बघू नये हे खरं, पण छताकडे बघायला हरकत नसावी.

तिसरा फायदा असा की अंधार आणि थंडी हाच त्या काळाचा मोठा भाग होता, आणि तो उन्हाळी दुपारी कितीही सांगितला तरी पटत नाही. पॅरिसमध्ये १६६७ साली पोलीसप्रमुख ला रेनी यांनी रस्त्यांवर मेणबत्तीचे कंदील लावायची व्यवस्था केली, तीही सुरुवातीला फक्त हिवाळ्याच्या महिन्यांसाठी. ॲमस्टरडॅममध्ये १६६९ साली यान व्हान देर हायडन या चित्रकाराने तेलाच्या दिव्यांची योजना मंजूर करून घेतली. लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर १८०७ साली गॅसचे दिवे लागले. त्याआधी, आणि पुढेही बराच काळ, सभ्य माणूस रात्री बाहेर पडला की पैसे देऊन मशाल धरणारा पोऱ्या बरोबर घ्यायचा. लंडन, बाथ आणि एडिंबरा इथल्या काही जुन्या घरांच्या दाराशी अजूनही शंकूच्या आकाराची लोखंडी टोपी बसवलेली दिसते. घरी पोचल्यावर मशाल त्यात खुपसून विझवायची. दिवसा ती टोपी सांगितल्याशिवाय कुणाला दिसत नाही. अंधारात, हात गारठलेले असताना, तिचा अर्थ सांगावा लागत नाही.

थंडीचंही तसंच. इंग्रजीतला ‘कर्फ्यू’ हा शब्द ‘विस्तव झाका’ अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दांवरून आलेला आहे. रात्री घंटा झाली की चुलीतला विस्तव झाकायचा, कारण लाकडी घरांच्या शहरात एका ठिणगीने मोहल्ला जळायचा. म्हणजे ऐन थंडीच्या रात्रीच शेकोटी झाकावी लागे. लंडनची थेम्स नदी त्या शतकांत कधीकधी इतकी गोठायची की तिच्यावर जत्रा भरायच्या. शेवटची १८१४ साली भरली. त्यानंतर हवामान तर बदललंच, पण जुना पूलही गेला. त्या पुलाचे जाड, जवळजवळचे खांब पाणी अडवून ठेवत. १८३१ साली नवा पूल झाला, जुना पाडला, नदीला ओढ आली आणि तिथे गोठणं जवळपास थांबलं. ही गोष्ट मी कुठल्याही गटाला नदीकाठी सांगते, पण दोन मिनिटांत, कारण नदीकाठी वारा असतो.

हे सगळं दिसायला डोळ्यांना वेळ द्यावा लागतो. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोनचा पांढराशुभ्र पडदा एकदा बघितला की ती कमाई बरीचशी गेली. फोटो काढायचेच असतील तर पडद्याचा उजेड अगदी कमी करा. फोनच्या बॅटरीचंही असं की थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते, चाळीस टक्के दाखवणारा फोन अचानक बंद पडतो आणि हॉटेलवर ऊब मिळाली की पुन्हा जिवंत होतो. परतीची तिकिटं, हॉटेलचा पत्ता फोनमध्येच असतील तर एका कागदावर लिहून ठेवा आणि फोन आतल्या खिशात, अंगाजवळ.

कानांचीही चैन असते. वारा नसलेल्या, निरभ्र थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे आवाज वर विरून न जाता खाली वळतो आणि लांबवर ऐकू येतो. घड्याळाचे टोले, दूरची घंटा स्वच्छ पोचते. ताजा भुसभुशीत बर्फ पडला असेल तर उलट. तो आवाज शोषून घेतो आणि रस्ता कापसात गुंडाळल्यासारखा होतो. अशा रात्री मी मुद्दाम अर्धा मिनिट बोलायची थांबते. लोकांना वाटतं, गाईड विसरली. विसरलेली नसते.

आता गाईडबद्दल, कारण थंडीतल्या संध्याकाळचा सगळा भार त्याच्यावर असतो. अंधार पडला की आमच्यातले बरेच जण भुताखेतांकडे वळतात. लोकांना आवडतं, मलाही ऐकायला आवडतं. पण तुम्ही ‘ऐतिहासिक’ फेरीचे पैसे दिले असतील तर आख्यायिका आख्यायिका म्हणून सांगितली जाते आहे का, तेवढं बघा. प्राग शहरातल्या प्रसिद्ध खगोलीय घड्याळाची गोष्ट घ्या. हनुश नावाच्या कारागिराने ते बनवलं आणि दुसरीकडे तसं बनवू नये म्हणून नगरपालांनी त्याचे डोळे काढले, असं शतकानुशतकं सांगितलं जातं. घड्याळ १४१०चं आहे आणि ते कादान्यच्या मिकुलाश या घड्याळजीने बनवलं, हे कागदपत्रांवरून आता पक्कं झालं आहे. मला विचाराल तर खरी गोष्ट जास्त रंगतदार आहे: एका माणसाचं श्रेय दुसऱ्याला कसं मिळालं आणि शहराला आंधळ्या कारागिराची कथा का हवीशी वाटली. चांगला गाईड दोन्ही सांगतो. ‘हे आपल्याला कशावरून माहीत आहे?’ हा प्रश्न बिनधास्त विचारा. मला तरी तो विचारणारा श्रोता आवडतो, आणि ज्याला आवडत नाही त्याच्या गोष्टी जरा बेतानेच घ्या.

गट किती जणांचा हेही आधी विचारा. पंधरापर्यंत ठीक. तीसचा गट असेल तर प्रत्येक थांब्यावर सगळे गोळा होईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात, आणि थंडीत ती मिनिटं पायांतून जातात. फेरीच्या मध्ये कुठल्या छताखाली, चर्चमध्ये किंवा कमानीच्या आत एखादा थांबा आहे का तेही विचारा. माझ्या हिवाळी मार्गात साधारण पाऊण तासाने एक उबदार जागा येते. तिथे मी सगळ्यांत लांबलचक गोष्ट सांगते, बाहेर छोट्या. ज्या गाईडचा उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला मार्ग एकच असतो, त्याच्याबरोबर मी माझ्या आईला पाठवणार नाही.

म्हणजे रद्द करू नका, पण आज एक निरोप पाठवा: चारची वेळ आहे का, गट केवढा, मध्ये आत बसायची जागा आहे का, पायऱ्या किती आणि वारा असेल तर काय करता. उत्तरं समाधानकारक आली तर निश्चिंत जा. उत्तर आलंच नाही तर दुसरा गाईड शोधा.

आणि त्या दिवशी भेटल्यावर, सुरू व्हायच्या आधी, बाजूला घेऊन त्याला सांगा की आईंना जमलं नाही तर आम्ही मधूनच निघू, कुठून निघणं सोपं पडेल? हे आधी सांगितलं की दोन्हीकडचा संकोच जातो. मी अशा वेळी तिसऱ्या थांब्याजवळचा बसथांबा दाखवून ठेवते आणि शेवटच्या दोन थांब्यांची गोष्ट निघणाऱ्यांना तिथेच दोन वाक्यांत सांगून टाकते. बहुतेक वेळा तिसऱ्या थांब्यावर ते निघत नाहीत. गेल्या हिवाळ्यात एक आजी तिथपर्यंत आल्या, लेकाला म्हणाल्या, ‘तुला थंडी वाजत असेल तर तू जा,’ आणि पुठ्ठा उचलून माझ्या मागे चालायला लागल्या.